यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात विंडसर ईव्ही घ्यावी का? एमजी कंपनी भरवशाची आहे का?

तुम्ही लिहिलंय की गाव तालुक्यापासून दहा-बारा किलोमीटर आत आहे, महिन्याला हजारेक किलोमीटर फिरणं होतं, शोरूमवाला घ्या म्हणतो आणि काका म्हणतात, "चायनीज माल हाय, उद्या कंपनी गाशा गुंडाळून गेली तर?" मी दारव्हा तालुक्यात राहतो. 2023 पासून इलेक्ट्रिक गाडी चालवतो, पण विंडसर नाही, दुसऱ्या कंपनीची छोटी. विंडसर एका पाहुण्याकडं आहे, तिच्यात दोनदा नागपूर केलं. तेवढ्यावरून सांगतो.

काका अगदीच चुकत नाहीत. एमजी नाव मूळचं इंग्लंडचं, मालकी कधीचीच चीनच्या साइक या गाड्यांच्या कंपनीकडं गेली. भारतात 2019 मध्ये हेक्टर ही गाडी घेऊन आले. 2023 च्या शेवटी सज्जन जिंदालांच्या जेएसडब्ल्यूनं 35 टक्के हिस्सा घेतला, म्हणून आता नाव जेएसडब्ल्यू एमजी. गाडी बनते गुजरातेत हलोलला. हा कारखाना आधी जनरल मोटर्सचा होता. आपल्याकडची तवेरा एकेकाळी तिथंच बनायची. वरात असो, शेगावचं दर्शन असो की रात्री-बेरात्री दवाखाना, तवेराच. 2017 ला त्या कंपनीनं भारतात गाड्या विकणं बंद केलं. तरी तवेरा पळतच राहिल्या, कारण ते डिझेल इंजिन दिग्रसचा मिस्त्रीही खोलतो आणि नेरचाही.

इलेक्ट्रिकचं तसं नाही, भाऊ. हाय-व्होल्टेज बॅटरीला गावचा मिस्त्री हात लावत नाही, लावूही नये. म्हणून इथं कंपनीच्या नावापेक्षा तिचा शिकलेला माणूस तुमच्या अंगणापासून किती लांब बसतो, ते बघा.

माझंच सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी मुकी. रात्री स्क्रीनवर 80 टक्के पाहिलं होतं, सकाळी दारही उघडेना. शेजारचा ट्रॅक्टर आणि दोर घेऊन हजर, "बांधा, वढून नेतो." त्याला आवरता आवरता दम निघाला, पुढची चाकं जमिनीवर ठेवून ही गाडी ओढली तर चाकांसोबत मोटार फिरते आणि भलतंच काही जळतं. सर्व्हिस सेंटरचं एकच पालुपद, गाडी उचलून आणा. तिसऱ्या दिवशी एक पोरगा मोटारसायकलवर आला, किल्लीच्या पात्यानं दार उघडलं, बोनेटखालची बारा व्होल्टची छोटी बॅटरी बदलली, वीस मिनिटांत गाडी चालू. मोठ्या बॅटरीला काहीच झालं नव्हतं. माहीत असतं तर दारव्ह्यातूनच बॅटरी आणली असती.

तेव्हा शोरूममध्ये एवढंच विचारा, गाडी गावात बंद पडली तर कोण येणार, कुठून येणार, किती वेळात. सेल्सवाला पोरगा लगेच हो म्हणेल. सर्व्हिसच्या काउंटरवर जाऊन विचारा.

गाडी म्हणून विंडसर चांगलीच आहे. मागं ऐसपैस जागा, आईला चढाय-उतरायला सोपी. 2024 ला आलेल्या गाडीत 38 युनिटची बॅटरी, तिला कंपनी 330 च्या आसपास किलोमीटर सांगते. मे महिन्यात एसी लावून मी 230-240 च धरीन. म्हणजे नागपूर एका दमात होतं, पण जाऊन-येऊन नाही.

भाड्याच्या बॅटरीचं मात्र कागदावर मांडून बघा. सप्टेंबर 2024 ला गाडी आली तेव्हा बॅटरीशिवाय 9.99 लाख आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये, किंवा बॅटरीसकट साडेतेरापासून पुढं. हजार किलोमीटर म्हणजे महिन्याचे साडेतीन हजार, वरून विजेचं बिल वेगळं. आणि ज्या महिन्यात वावरातली कामं असतात, गाडी दारातच उभी, त्या महिन्यात किमान किती किलोमीटरचे पैसे कापणार, हे फायनान्सवाल्याकडून लेखी घ्या. आजचे भावही विचारून घ्या. माझं मत विचाराल तर सोयाबीन-कापसाचे पैसे वर्षातून एकदा येणाऱ्यानं दर महिन्याचा हप्ता गळ्यात बांधून घेऊ नये, बॅटरीसकटच घ्यावी. पहिल्या मालकाला बॅटरीवर लाइफटाइम वॉरंटी आहे, तिच्या अटी मात्र वाचा.

आता खेड्यातली खरी अडचण, जी शोरूमवाला सांगत नाही. अर्थिंग. चार्जरला अर्थिंग बरोबर मिळालं नाही की लाल दिवा लागतो आणि चार्जिंग होत नाही. आपल्या काळ्या मातीला एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो. मी महिनाभर चार्जरला शिव्या दिल्या. मग वायरमननं खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं आणि पाच मिनिटांत दिवा हिरवा. आता कोळसा-मीठ भरून नवा खड्डा केलाय, उन्हाळ्यात दर आठवड्याला त्याला पाणी. घरात सगळे म्हणतात, तुळशीच्या आधी याला घाला.

वीज घरच्याच मीटरवरून घ्या, पंपाच्या कनेक्शनवरून नको. महावितरणच्या घरगुती बिलात 100 आणि 300 युनिटला दर चढतो. हजार किलोमीटरला दीडशेक युनिट जातात, घरचे धरून 300 ओलांडतात का ते जुन्या बिलावर बघा. दुपारी तापलेली गाडी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका. सावलीत उभी करा, रात्री लावा. रब्बीत डीपीवर ताण आला की व्होल्टेज पडतं, तेव्हा पहाटेची वेळ बरी.

आणि घरच्या मीटरचा लोड वाढवायचा अर्ज गाडी बुक करण्याआधी टाका. मी गाडी आधी आणली, अर्ज नंतर टाकला. मधल्या दिवसांत चार्जिंग लावलं की कूलर बंद करावा लागायचा. महिना मे. आई अजून ते काढते.