आई ८१ वर्षांची आहे. डॉक्टर डायलिसिस सांगतात, ती नको म्हणते. निर्णय कोणी घ्यायचा?

आईनंच. तिला सगळं कळतंय ना? मग तिचा नकार आपण डावलू शकत नाही. सज्ञान माणसाचा उपचार नाकारण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या निकालात मान्य केलाय.

पण नेमकं काय नकोय, ते आधी विचारा. माझ्या वडिलांना सुयांची भीती नव्हतीच. आठवड्यातून तीनदा चार-चार तास खाटेवर पडून राहायचं, घरी आल्यावर गळून जायचं आणि संध्याकाळचा कट्टा सुटायचा, हे त्यांना नको होतं. डॉक्टरांनी मग धाप, सूज, खाज यांवर औषधं देत सांभाळलं.

डॉक्टरांना आईशी एकटीशी बोलू द्या. खर्चाची काळजी ती तुमच्यासमोर बोलणार नाही. तिची इच्छा दोन साक्षीदारांसमोर लिहून नोटरीही करून घ्या.