दॅट, व्हॉट, व्हेन हे शब्द पाठ करूनही नाउन क्लॉज, म्हणजे नामाचं काम करणारं उपवाक्य, ओळखताना चुकतं. नेमका ओळखायचा कसा?

यादी पाठ केली म्हणूनच चुकतंय. यातले 'दॅट', 'व्हेन'सारखे शब्द ॲडजेक्टिव्ह (नामाबद्दल सांगणाऱ्या) आणि ॲडव्हर्ब (केव्हा, का, कसं ते सांगणाऱ्या) क्लॉजच्या सुरुवातीलाही येतात. त्यामुळे पहिला शब्द सोडा आणि अख्खा क्लॉज वाक्यात काय काम करतोय ते बघा. नामाचं काम, म्हणजे कर्ता, कर्म, पूरक, प्रिपोझिशनचं कर्म किंवा आधीच्या नामाचाच खुलासा, तो करत असेल तर नाउन क्लॉज.

मी जळगावकडे अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो. मुलांना क्लॉज पुसून तिथे 'समथिंग' लिहायला लावतो. 'द फार्मर नोज दॅट द रेट हॅज फॉलन' याचं होतं 'द फार्मर नोज समथिंग'. जमलं. 'व्हॉट द ट्रेडर सेड सरप्राइज्ड अस' याचं 'समथिंग सरप्राइज्ड अस'. हेही जमलं. पण 'ही स्टेड ॲट होम बिकॉज इट रेन्ड' घ्या. 'ही स्टेड ॲट होम समथिंग' हे कानालाच खटकतं, कारण तो ॲडव्हर्ब क्लॉज आहे.

आता भुसावळ स्टेशनावर कुणी म्हणालं, 'टेल मी व्हेन द ट्रेन कम्स.' याचे दोन अर्थ निघतात. 'गाडी केव्हा येते ते सांग' असं म्हणायचं असेल तर वेळ हेच कर्म, म्हणून नाउन क्लॉज. 'गाडी आली की सांग, तोवर मी बाकावर आडवा होतो' असं असेल तर ॲडव्हर्ब क्लॉज. 'कम्स'ऐवजी 'विल कम' केलंत तर पहिलाच अर्थ उरतो, कारण वेळ दाखवणाऱ्या ॲडव्हर्ब क्लॉजमध्ये इंग्रजी सहसा 'विल' घालत नाही. आणि बघा, मराठीतला 'की' इथे ॲडव्हर्ब क्लॉजमध्ये आलाय. तेव्हा 'की आला म्हणजे नाउन क्लॉज' हा क्लासमधला लाडका नियम परीक्षेत वापरू नका.

सगळ्यात फसवा प्रकार 'दॅट'चा. 'द न्यूज दॅट द ट्रेन वॉज लेट' आणि 'द न्यूज दॅट ही ब्रॉट' दिसायला जुळी भावंडं. 'दॅट' झाकून पुढचं वाचा. 'द ट्रेन वॉज लेट' हे पूर्ण वाक्य आहे आणि बातमीही तीच आहे, म्हणून नाउन क्लॉज. 'ही ब्रॉट' म्हटल्यावर काय आणलं ते कळत नाही. ती रिकामी जागा 'न्यूज'ची, म्हणून ॲडजेक्टिव्ह क्लॉज. इथे 'दॅट'च्या जागी 'विच' चालतं, पहिल्यात चालत नाही.

लिहितानाची गडबड वेगळीच. 'आय डोन्ट नो व्हेअर डिड ही गो' असं आपल्याकडची मुलं सर्रास लिहितात. अहिराणीत 'तो कोठे गया?' आणि 'तो कोठे गया, माले माहीत नही' यांत मधला तुकडा जसाच्या तसा राहतो. मराठीतही तसंच. इंग्रजीत मात्र नाउन क्लॉज झाला की प्रश्नाची रचना मोडते: 'आय डोन्ट नो व्हेअर ही वेन्ट.'

कधी कधी 'दॅट' गाळलेलाही असतो. 'आय नो ही इज इन चाळीसगाव' यात खूण म्हणून एकही शब्द नाही, तरी 'ही इज इन चाळीसगाव' हा नाउन क्लॉजच. 'आय नो समथिंग' करून बघा.