पोलिस रिपोर्ट मागताय? आधी एवढं बघा
घाबरू नका, शिकागोच्या उपनगरांत हे काम वकिलाशिवाय होतं. पहिल्यांदा बहुतेक जण ‘आमच्या घराबाबतचे सगळे कागद द्या’ असं मोघम लिहितात आणि अर्ज अडकतो. लेखी अर्जात हे द्या:

– रिपोर्ट नंबर (पोलिसाने हातात दिलेल्या कार्डावर बहुधा पेनने लिहिलेला असतो). नसेल तर तारीख, अंदाजे वेळ, पत्ता
– अटकेची माहिती हवी असेल तर त्या माणसाचं पूर्ण नाव

इलिनॉयच्या माहिती अधिकार कायद्याने कामकाजाच्या ५ दिवसांत उत्तर यायला हवं. पोलिस विभाग कामकाजाचे आणखी ५ दिवस मागू शकतो. नकार आला तर ते पत्र अजिबात फेकून देऊ नका. ६० दिवसांत ॲटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या) कार्यालयाकडे दाद मागता येते. खटल्याचा निकाल मात्र पोलिसांकडे नाही, काउंटीच्या सर्किट क्लर्ककडे (कोर्टाचे कागद ठेवणाऱ्या कार्यालयात) मिळेल.