कपाटाची किल्ली आधी मुलाला द्या

पत्र थोडक्यात असं: मुलगा बीसीएच्या तिसऱ्या वर्षाला. पहिल्या वर्षी 30 हजार भरून त्याला झॅमरिनचा, म्हणजे मोबाइल ॲप बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनाचा, क्लास लावला. आता झॅमरिनचा सपोर्टच संपलाय असं कळलं. वडिलांनी लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि बँकेच्या परीक्षेचा अभ्यास सुरू करायला सांगितलं. ‘बरोबर केलं ना?’ असं ते विचारतात.

नमस्कार.

नाही, बरोबर केलं नाहीत. झॅमरिन बंद झालं याची मला काळजी वाटत नाही, कुलपाची वाटते. क्लास तुम्ही निवडलात, फी तुम्ही भरलीत, मुलाने मन लावून शिकून दाखवलं. मग शिक्षा त्याला कशाची? तीन पानी पत्रात त्याला काय वाटतं याबद्दल एक ओळ नाही. शेवटी मात्र ओझरतं लिहिलंय की काकांच्या दूध संकलन केंद्रासाठी त्याने ॲप केलंय, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) टाकलं की लिटरचा दर निघतो. अहो, पत्राची सुरुवात तिथून व्हायला हवी होती!

सपोर्ट संपला म्हणजे शिकलेलं मातीत गेलं, हा गैरसमज आधी काढून टाका. झॅमरिनचा सपोर्ट 1 मे 2024 ला संपला. त्या दिवशी कुणाच्या मोबाइलमधलं ॲप बंद पडलं नाही, थांबल्या त्या दुरुस्त्या आणि सुरक्षेचे अपडेट. अडचण आहे, ती वेगळी. झॅमरिन अँड्रॉइड 14 पर्यंतच पोचतं, आणि प्ले स्टोअरने 31 ऑगस्ट 2025 पासून नव्या ॲपला आणि अपडेटला अँड्रॉइड 15 ची अट घातलीय. म्हणजे ॲप हलवावं लागणार. पण कुठे हलवायचं तेही तयार आहे. मायक्रोसॉफ्टने 2022 मध्येच झॅमरिनच्या जागी डॉटनेट माउई आणलं. भाषा तीच, सी शार्प. स्क्रीन लिहायची पद्धतही तीच, झॅमल. कोडमधले नेमस्पेस, म्हणजे गटांची नावं, बदलतात, अँड्रॉइड आणि आयफोनचे वेगवेगळे प्रोजेक्ट एकात येतात, काही जुन्या प्लगइनना पर्याय शोधावे लागतात. दुधाचा दर काढणारा त्याचा हिशेब मात्र जवळपास जसाच्या तसा जाईल.

आता माउईचा नवा क्लास लावू नका. हेच ॲप त्याला स्वतः हलवू द्या. कुठे अडलं, कसं सुटलं, हे वहीत तारखेसह लिहू द्या. मुलाखतीला ती वही नेली तर मी तिला कुठल्याही क्लासच्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त किंमत देईन. मात्र फक्त मोबाइल ॲपवर विसंबून राहू नये. सी शार्प येतंच आहे, तर त्याने वेबसाइटसाठीचं एएसपी डॉटनेट आणि डेटाबेसही पक्कं करावं.

बँकेच्या आयबीपीएस परीक्षेला पदवी लागतेच, त्यामुळे ती वाट पदवीनंतरही उघडी आहे, पण त्याला हवी असेल तर.

किल्ली आजच द्या. आणि एकदा पहाटे त्याच्याबरोबर काकांच्या केंद्रावर जा, कॅन उतरत असताना दर कसा निघतो ते त्याला दाखवायला सांगा.