वाचकांचे प्रश्न : अलीचं काय उचलावं, काय सोडावं?

प्रश्न : मुलगा आधी तालमीत लाल मातीत घुमायचा, आता बॉक्सिंग शिकतो. मोहम्मद अलीची आफ्रिकेतल्या किन्शासातली लढत बघितल्यापासून सरावात दोरांना टेकून मुद्दाम मार खातो. 'अली असाच जिंकला' म्हणतो. खरं आहे का? (एक पालक, निपाणी)

उत्तर : अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं त्याला आजच सांगा.

त्या लढतीच्या दिवशी, 30 ऑक्टोबर 1974 ला, अली 32 वर्षांचा होता, समोरचा जॉर्ज फोरमन 25 चा. फोरमननं 40 च्या 40 लढती जिंकलेल्या, त्यांतल्या 37 नॉकआउटनं. समोरचा लवकर आडवा होत असल्यानं लांबलेल्या लढतीची सवयच त्याला नव्हती. अलीनं तेच हेरलं. तो दोरांवर रेलला खरा, पण नीट बघा : कोपरं बरगड्यांना चिकटलेली, ग्लोव्ह्ज गालांशी, धड मागं झुकलेलं. बरेचसे ठोसे दंडांवर जिरले. फोरमन जवळ आला की मानेवर हात टाकून त्याला खाली दाबायचं, मधेच सरळ ठोसा मारायचा. आठव्या फेरीत फोरमनचा दम संपला, तिथं तो पडला.

याची किंमतही सांगा. अली 1981 पर्यंत लढत राहिला. 1984 मध्ये पार्किन्सन या मेंदूच्या आजाराचं निदान झालं. त्यात ठोशांचा वाटा किती, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. डोक्यावर वारंवार बसणारा मार मेंदूला अपाय करतो, यावर मात्र नाहीत. हेडगार्डनं कातडी फाटत नाही एवढंच, मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. सरावात डोक्याला मार लागून गरगरलं, डोकं दुखलं किंवा उलटी झाली तर त्या दिवशी पुन्हा रिंगण नाही. सरळ डॉक्टरांकडे न्या.

उचलायचा तर 1964 मध्ये तेव्हाच्या जगज्जेत्या सॉनी लिस्टनला हरवणारा अली उचलावा. तिथं पाय आणि डावा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) बोलतात. तालमीतून आलेल्या पोरांचं नेमकं इथंच अडतं. कुस्तीच्या पवित्र्यात पाय फाकलेले, डोकं पुढं, हात पकड शोधत असतात. बॉक्सिंगमध्ये असं डोकं म्हणजे आयतं निशाण. उजव्या हाताच्या मुलानं डावा पाय पुढं ठेवावा, पायांत खांद्याएवढं अंतर, मागची टाच किंचित उचललेली, हनुवटी खाली. डावीकडं सरकताना डावा पाय आधी, उजवीकडं उजवा. पाय एकमेकांवरून गेले की हलक्या ठोशानंही तोल जातो.

प्रश्न : आमच्या भागात घरटी एक पोरगा फौजेत. मग भरतीला नकार देणाऱ्या अलीला एवढा मान का? (एक माजी सैनिक, बेळगाव)

उत्तर : कारण तो पळाला नाही. व्हिएतनाम युद्ध आपल्या धर्मश्रद्धेविरुद्ध आहे, हे त्यानं 1967 मध्ये उघड सांगितलं. जगज्जेतेपदाचा किताब गेला, लढण्याचे परवाने गेले, 5 वर्षांची शिक्षा सुनावली गेली. अपिलात असल्यानं तुरुंग टळला, पण उमेदीची साडेतीन वर्षं रिंगणाबाहेर गेली. 28 जून 1971 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. युद्धाबद्दल आपलं मत काहीही असो, त्यानं आपल्या शब्दाची किंमत स्वतः मोजली. आमच्या लेखी त्याच्या 56 विजयांइतकंच हेही मोठं आहे.

प्रश्न : ग्लोव्ह्ज घालूनही मनगट का लचकतं? (खानापूर)

उत्तर : बहुतेकदा ग्लोव्ह्जच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्टीमुळं. साडेचार मीटरची घ्या. बोटं फाकवून अंगठ्यात फास अडकवा, मनगटाला तीन वेढे, मुठीच्या गाठींवर तीन, मग बोटांच्या फटींतून, आणि उरलेली पुन्हा मनगटावर. बोटं मिटून बांधली तर मूठ वळताच पट्टी आवळते. मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधा.