डब्यातली चार कार्डं

पत्र कोल्हापूरच्या शाहूपुरीतून आलंय. लिहिणाऱ्यांचं वय ४६. गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत सुपरवायझर आहेत, हातात पगार ६२ हजार. कळंब्यात फ्लॅट बघून ठेवलाय आणि गणपतीनंतर २८ लाखांच्या गृहकर्जाचा अर्ज करायचाय. पासबुकं, रेशनकार्ड ठेवायच्या बिस्किटाच्या डब्यात चार क्रेडिट कार्डं निघाली, त्यातलं वापरात एकच. वहिनींचं म्हणणं, सगळी कात्रीनं कापा आणि विषय संपवा. कामावरचा मित्र सांगतो, एकही बंद करू नकोस, जुना इतिहास पुसला जातो आणि सिबिल, म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीवरचा स्कोअर, पडतं. तर करायचं काय?

दोघांचंही निम्मं निम्मं बरोबर आहे. आधी ती चार कार्डं एकदा मांडून बघू, कारण तुमच्या पत्रात ती एका ओळीत आली आहेत आणि चौघांची जात वेगवेगळी आहे.

पहिलं २०११ चं, पगाराच्या खात्यासोबत फुकट मिळालेलं, मर्यादा ६० हजार. त्याला वार्षिक फी नाही. दुसरं २०१६ मध्ये पेट्रोल पंपावरच्या टेबलावर सही करून घेतलेलं, मर्यादा १ लाख २० हजार. त्याची फी १ हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दर नोव्हेंबरला ११८० रुपये. तिसरं २०१९ चं ऑनलाइन खरेदीवालं, मर्यादा ८० हजार. किराणा, पेट्रोल, मुलीच्या क्लासची फी असे महिन्याला ३६ हजार याच्यावर फिरतात. चौथं चाकणला दीड वर्ष नोकरी केलीत तेव्हाचं, मर्यादा ४० हजार. त्याच्याबद्दल तुम्ही एवढंच लिहिलंय की "ते तर चालूच केलं असेल-नसेल आठवत नाही, नंबरही तेव्हाचा होता."

मला काळजी वाटते ती या चौथ्याची. फीचं दुसरं कार्ड दिसतं तरी, हे दिसतच नाही.

माझंच सांगतो. २०१८ मध्ये मी राजारामपुरीतून घर बदललं. ईमेलही बदलला होता आणि एका कार्डाची वार्षिक फी ५९० रुपये जुन्या पत्त्यावर पडून राहिली. कार्ड मी वर्षभर स्वाइपसुद्धा केलं नव्हतं. फी थकली म्हणून लेट फी, लेट फीवर जीएसटी, सगळ्यावर व्याज. गाडीच्या कर्जाला गेलो तेव्हा समोरच्या साहेबांनी मॉनिटर माझ्याकडे वळवला. चार हजारांवर बाकी आणि महिन्यांच्या चौकोनांत थकल्याचे दिवस ओळीनं लिहिलेले. लोकांना पैशाचा सल्ला देऊन पोट भरणारा माणूस ५९० रुपयांत अडकलेला. त्या दिवशी चहा घ्यायलाही थांबलो नाही.

म्हणून पहिलं काम आजच करा: क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या सगळ्या कर्जांची, कार्डांची आणि भरण्याची नोंद, काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच काढा. फुकट सिबिल दाखवतो म्हणून कर्ज गळ्यात घालणारी ॲप्स पुष्कळ आहेत, त्यांच्या नादी लागू नका. आपला रिपोर्ट आपणच बघितला तर स्कोअरला काही होत नाही.

त्यात चाकणच्या कार्डाची नोंद शोधा. ते बंद झालेलं असेल तर उत्तम. वर्षभराहून जास्त न वापरलेलं कार्ड बँकेनं ग्राहकाला कळवून, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर बंद करायचं, असं रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे. पण अट अशी की बाकी असता कामा नये. बाकी असेल तर ते कार्ड तसंच लोंबकळत राहतं, आणि कळवलेलं तुमच्या जुन्या नंबरवर गेलेलं असतं. बाकी दिसली तर बँकेत स्वतः जा आणि नंबर-पत्ता बदलून घ्या. वापरच नसताना लागलेलं शुल्क माफ करा म्हणून लेखी मागा, थोडंफार कमी होतं बऱ्याचदा. मग जे ठरेल ते पूर्ण भरा. वसुलीवाला फोन करून म्हणेल, "साहेब निम्मे भरा, मिटवून टाकू." तिथं हो म्हणू नका. निम्म्यात मिटवलं की रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि गृहकर्ज देणारा अधिकारी तो शेरा थकबाकीसारखाच वाचतो. चार-पाच हजार वाचवायला २८ लाखांचं काम अडवू नका.

आता मित्राच्या म्हणण्याकडे. कार्ड बंद केलं की इतिहास पुसला जातो हे खरं नाही. बंद खात्याची नोंदही रिपोर्टमध्ये वर्षानुवर्षं दिसत राहते, आणि वेळेवर भरलेलं असेल तर ती चांगलीच दिसते. स्कोअरला धक्का बसतो तो दुसऱ्या कारणानं. एकूण मर्यादेपैकी तुम्ही किती वापरता, ते प्रमाण बिघडतं.

तुमचा हिशेब करू. चारही कार्डांची मर्यादा मिळून ३ लाख, वापर ३६ हजार, म्हणजे १२ टक्के. वहिनींचं ऐकून वापरातलं सोडून तीन बंद केली तर मर्यादा उरते ८० हजार आणि तोच वापर ४५ टक्क्यांवर जातो. खर्च एका पैशानं वाढला नाही, पण कागदावर माणूस ओढाताणीत दिसायला लागला. ३० टक्क्यांच्या आत राहावं असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. आणि चाकणचं व पंपावरचं अशी दोनच बंद केली तर? पगाराचं ६० आणि ऑनलाइनचं ८० मिळून १ लाख ४० हजार. ३६ हजार म्हणजे साधारण २६ टक्के. चालतंय की! म्हणजे एकही बंद करू नकोस हा सल्ला तुमच्या बाबतीत टिकत नाही, आणि सगळी कापा हाही नाही.

बँका तुमचा एकूण वापर बघतात तशा प्रत्येक कार्डावरची ओढही बघतात. आज तुमचा सगळा भार एकट्या ऑनलाइनवाल्या कार्डावर आहे, तिथं ४५ टक्के आहेच. म्हणून पेट्रोल आणि महावितरणचं बिल असे ११-१२ हजार आजपासूनच २०११ च्या कार्डावर न्या. दोन फायदे होतील. भार वाटला जाईल, आणि वर्षभर न वापरल्यामुळं ते सगळ्यात जुनं, बिनफीचं कार्ड बँकेनं आपणहून बंद करायचा प्रसंग येणार नाही. दोन्ही कार्डांना बचत खात्यातून आपोआप भरणा लावा आणि लावताना 'पूर्ण रक्कम' निवडलंय ना ते दोनदा तपासा. 'किमान रक्कम' हा पर्याय तिथंच शेजारी बसलेला असतो.

किमान रकमेवरून तुमच्या पत्रातली ती जागा आठवली, जी तुम्ही घाईत उरकली आहे. २०२१ च्या पुरात शाहूपुरीत पाणी घरात आलं, फ्रिज आणि वॉशिंग मशीन गेलं, दोन्ही वस्तू कार्डावर नवीन घेतल्या आणि सात महिने किमान रक्कमच भरत राहिलात. क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा, म्हणजे वर्षाला ४२, आणि त्या व्याजावर पुन्हा जीएसटी. पतसंस्थेचं कर्ज महाग म्हणून नाकं मुरडणारे आपण इथं मात्र बिनतक्रार भरतो, कारण किमान भरलं की फोन येत नाहीत. वर पूर्ण न भरलेल्या बिलामुळं नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, दुधाच्या पिशवीवरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज. वहिनी कात्री मागताहेत ती या सात महिन्यांमुळं. त्यांना हे उत्तर वाचून दाखवा आणि बिलाचा एसएमएस त्यांच्याही मोबाइलवर पाठवायची रीत घालून घ्या. कात्रीपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

राहिलं पंपावरचं कार्ड. ते बंदच करायचं आहे, प्रश्न फक्त कधी. गृहकर्जाचा अर्ज आत असताना रिपोर्टमध्ये शक्यतो हालचाल नको, असा माझा स्वभाव आहे. बंद केलंत म्हणून आभाळ कोसळणार नाही, पण मोठी मर्यादा जाते आणि तुमचं प्रमाण १२ वरून वर सरकतं, तेही नेमकं अधिकारी बघत असताना. समजा स्कोअर थोडा घसरून व्याज साडेआठऐवजी पावणेनऊ टक्के लागलं. २८ लाखांवर २० वर्षांसाठी हप्ता २४,२९९ च्या जागी २४,७४४ होतो. महिन्याला ४४५, सगळं मिळून १ लाख ६ हजारांच्या वर. तसं होईलच असं नाही, पण ११८० रुपयांसाठी मी ही चाचणी घेणार नाही. कर्जाचा पहिला चेक बिल्डरच्या हातात पडला की पुढच्या आठवड्यात कार्ड बंद. ते नोव्हेंबरच्या आत झालं तर फी वाचली, नाही झालं तर यंदाची भरा. मधल्या काळात बँकेला फोन करून 'बिनफीच्या कार्डात बदलून द्या' एवढं विचारून बघा. विचारणाऱ्याला मिळतं कधीकधी. नवीन कार्डाचा अर्ज मात्र करू नका, म्हणजे रिपोर्टमध्ये बँकेनं केलेली नवी चौकशी नोंदली जायला नको.

बंद करताना आधी साठलेले पॉइंट वापरून टाका. त्या कार्डावर विमा, मोबाइल किंवा ओटीटीचं काही आपोआप कापलं जात असेल तर ते दुसरीकडं लावा. एखादा ईएमआय चालू असेल तर तो फेडा. बिलात अजून न आलेली रक्कमही विचारून भरा. मग ॲप, ईमेल किंवा हेल्पलाइनवरून विनंती करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पोस्टानंच अर्ज पाठवा असं बँकेला सांगता येत नाही. बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे. मी दोन ग्राहकांना हे वाक्य ईमेलमध्ये तसंच्या तसं लिहायला सांगितलं होतं. दोघांचंही काम तिसऱ्या दिवशी झालं. वहिनींच्या नावे जादा कार्ड असेल तर तेही त्यासोबत जाईल, हे त्यांना आधी सांगा. बंद झाल्याचं पत्र मागून घ्या आणि महिना-दीड महिन्यानं दुसऱ्या एखाद्या कंपनीचा फुकटचा रिपोर्ट काढून 'बंद' असं लिहिलंय का बघा. चूक राहिली तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

आणि हो, या काळात "तुमचं जुनं कार्ड आम्ही बंद करून देतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. बंद करायला तुम्ही फोन करायचा असतो, तेही कार्डामागं छापलेल्या नंबरवर.

कात्री शेवटी. पत्र हातात आल्यावर, चिप आणि मागची पट्टी दोन्ही कापली जातील असं आडवं कापा. तो मान वहिनींना द्या.

चाकणच्या कार्डाचा रिपोर्ट आला की त्यात बाकी किती आणि थकल्याचे दिवस किती दिसतात ते मला लिहून पाठवा. तिथं ९० किंवा त्याहून मोठा आकडा असेल, तर कळंब्याच्या फ्लॅटला टोकन द्यायच्या आधी आपल्याला बोलावं लागेल.