चार वर्षांपूर्वी कंबरेची गादी सरकली होती. आता व्यायाम सुरू करायचा आहे. जिम लावू की योगासने करू? घरचे म्हणतात, शेतात काम करतोस तोच व्यायाम.

तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले. व्यायामांची नावं तुम्हाला कुठेही मिळतील, पण "शेतात काम करतोस तोच व्यायाम" हे वाक्य मी माझ्या घरात इतकं ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

शेतातलं काम म्हणजे व्यायाम नव्हे. एकदा दुखावलेल्या कंबरेसाठी तर नाहीच नाही. निंदणाला गेलं की दिवसभर एकाच बाजूने वाकायचं. वेचणीत कापसासाठी कंबरेला बांधलेली ओटी पोटापुढे भरत जाते आणि जसजशी भरते तसतशी कंबर पुढे ओढली जाते. फवारणीच्या १६ लिटरच्या पंपात नुसतं पाणीच १६ किलो होतं, पंपाचं वजन वेगळं. आज कंबरेला किती झेपेल हे कोणी विचारत नाही. किती राबायचं ते पाऊस ठरवतो, नाहीतर त्या दिवशी मजूर मिळाले की नाही ते ठरवतं. व्यायामात ओझं आपण ठरवतो आणि कधी थांबायचं तेही आपणच. मला तरी एवढा एकच फरक पुरेसा वाटतो.

आमचं वावर आर्वीकडे, कापूस आणि तूर. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन वेचणी सुरू झाली होती आणि अवेळी पाऊस येऊन गेला होता. डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन येताना ओल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाय सरकला आणि मी जोरात खाली बसले. दुसऱ्या दिवसापासून कुल्ल्यातून पोटरीपर्यंत कळ जायला लागली. घरच्यांनी ठरवलं की उसण भरली. मोठ्या जाऊबाईंचा भाऊ पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, आणि अशाच्या लाथेने उसण जाते असं मानतात, म्हणून त्यांना बोलावलं आणि मी नको नको म्हणत असताना त्यांची लाथ पाठीत बसली. हे स्पष्टच सांगते, कंबरेची कळ पायात उतरत असेल तर पायाळूची लाथ घेऊ नका, चोळणाऱ्याकडे जाऊ नका, कोणाला पाठीवर उभं करू नका. त्यानंतर एका डॉक्टरांनी पट्टा दिला आणि नुसतं पडून राहायला सांगितलं. पडून राहून पाठ कच्ची झाली, दुसरं काही नाही.

मग वर्ध्याला एक फिजिओथेरपीवाल्या मॅडम भेटल्या. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "ताई, सकाळी उठल्यावर पहिलं काम कोणतं करता?" मी म्हटलं, अंगण झाडते. आखूड खराटा घेऊन, वाकून, अख्खं अंगण, मग सडा. त्या म्हणाल्या, आधी ते बंद करा, व्यायाम नंतर शिकवते.

कारण असं. रात्री आडवं झालं की मणक्यांमधल्या गाद्यांवरचा भार उतरतो, त्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा एखादा सेंटीमीटर उंच भरतो तो त्यामुळेच. फुगलेली गादी ताणलेली असते आणि त्या वेळी वाकलं की तिच्यावर जास्त ताण येतो. उठून हिंडायला लागलं की तासाभरात ती बरीचशी बसते. माझी मुलगी नर्सिंग शिकते, तिने शोधून दाखवलं की १९९८ मध्ये अमेरिकेत जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांना पहाटे वाकू नका एवढंच सांगून पाहिलं होतं आणि त्यांचं दुखणं कमी झालं होतं. आपल्याकडे बायकांची वाकायची सगळी कामं नेमकी त्याच तासात. झाडणं, सडा, सारवणं, गोठ्यातलं शेण काढणं.

मी लांब दांडा लावून खराटा बांधून घेतला आणि चहा झाल्यावर झाडायला लागले. यावरून घरात जे झालं ते इथे सगळं लिहीत नाही. जाऊबाई म्हणायच्या, "काहून वो, उन्हं दारात आली तरी अंगण तसंच? आमाले का कंबर नाही?" आणि संध्याकाळी मी ओसरीवर चटई टाकली की, "दिवसभर वावरात वाकतं ते पुरं नाही होत का? आता मांजरीवानी चार पायांवर उभी रायतं!" मोठ्यांना उलट बोलता येत नाही, म्हणून तेव्हा बोलले नाही. आता बोलते. जाऊबाई, तुम्हालाही कंबर आहे, म्हणूनच मी भांडत होते. आज त्यांची पाठ सरळ होत नाही, किराणा दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून त्या रोज घेतात आणि वय झालं म्हणतात. त्या गोळ्या रोज घेतल्या तर पोटाला आणि किडनीला लागतात, हे मी अंगणवाडीत येणाऱ्या प्रत्येक आईला सांगते. घरात मात्र कोणी ऐकत नाही.

आता तुमचं. पहिलं, पालथं झोपा. त्रास झाला नाही तर हळूहळू कोपरांवर या. या वेळी कळ पायातून वर सरकत कंबरेत आली तर ते चांगलं लक्षण, कंबर थोडी जास्त दुखली तरी. कळ खाली पावलाकडे गेली तर तिथेच थांबा. ही एक खूण नीट ओळखता आली तर अर्धी भीती जाते. दुसरं, हात-गुडघ्यांवर राहून एक हात पुढे आणि उलट बाजूचा पाय मागे लांब करायचा, पाठ न हलवता, आठ-दहा सेकंद. तिसरं, गुडघे दुमडून कुशीवर कोपराच्या आधाराने कंबर उचलायची. यात कंबर वाकत नाही, तिला धरून ठेवणारे स्नायू तयार होतात. शिवाय चालायचं, पण सडकेवर, नांगरलेल्या ढेकळांतून नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या दिवसाइतकंच असेल तर प्रमाण बरोबर होतं. वाढलं असेल तर निम्मं करा, बंद करू नका.

योगासनांना माझा विरोध नाही, पण पश्चिमोत्तानासन आणि सूर्यनमस्कारातलं हस्तपादासन तुम्ही सध्या करू नका, पहाटे तर मुळीच नाही. उताणं पडून उठत राहायच्या सिट-अप्स काढून पोट कमी करायचं खूळही सोडा.

"गादी घासली" हे शब्द रिपोर्टमध्ये वाचून घाबरला असाल तर सांगते, २०१५ मध्ये ज्यांना काहीच दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या होत्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली, ऐंशीच्या लोकांत ९६ टक्के. फोटोत झीज दिसली म्हणून माणूस निकामी होत नाही.

हे आधी लिहायला हवं होतं, पण आता लिहिते. बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, पाऊल उचलता येईना आणि चालताना चप्पल निसटायला लागली, तर व्यायाम नाही, उद्या नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. ताप किंवा वजन उतरणं सोबत असेल तरी दाखवा. मणक्याचं ऑपरेशन झालेलं असेल, किंवा पाळी गेलेल्या बाईचं हाड ठिसूळ असेल, तर वरचं काहीही विचारल्याशिवाय करू नये.

जिमचं म्हणाल तर मी कधी गेले नाही. मॅडम एवढं म्हणाल्या होत्या की वजन उचलणं वाईट नाही, पाठ गोल करून उचलणं वाईट. पाठीला उभी काठी लावून डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला टेकलेले ठेवून कुल्ल्यातून वाकायला आधी शिका. ते जमेपर्यंत जिमचे पैसे भरू नका. आणि वावरात जाल तेव्हा ओटी पूर्ण भरायची वाट न पाहता अर्ध्यावर रिकामी करा, कोणी काहीही म्हणो.